डिकीतले दिवे आणि सतरा नंबरचं कुलूप

कारखान्यात त्याला सगळे ओळंबा म्हणायचे. तो तिथे वायरमन. त्याने जोडलेल्या विजेच्या पॅनेलचं दार उघडलं की आतल्या वायरी गवंड्याच्या ओळंब्यासारख्या सरळ उतरलेल्या दिसायच्या. हे नाव कौतुकाने पडलं होतं, असं तो धरून चालला. ओळंबा म्हणजे शेवटी दोरीला टांगलेला लोखंडाचा गोळा, हेही त्याला ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्या फोरमनच्या मनात नक्की काय होतं, ते एकोणचाळीस वर्षांत त्याने विचारलं नाही.

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. या काळात त्याने घरातली दोन कामं हाती घेतली. बेसिनचा नळ बसवला, तो उघडला की पाणी बेसिन सोडून बायकोच्या तोंडावर यायचं. नळाचं एक वेळ सोडून देऊ, तो त्याचा धंदा नव्हता. पण नंतर पंखा दुरुस्त केला, तो उलटा फिरला. पंखा त्याच्या धंद्यातलाच होता. तेव्हापासून घरात काही बिघडलं की बायको गुपचूप बाहेरच्या माणसाला फोन करायची, तोही ओळंबा अंघोळीला गेल्यावर.

त्यांची मुलगी जनावरांची डॉक्टर. तिच्याकडे मोठी उंच गाडी होती आणि गाडीची डिकी हाच तिचा दवाखाना. डिकीत कंपनीने दिलेला दिवा एवढासा, की तो लागलाय की नाही हे बघायला दुसरा दिवा लागावा. संध्याकाळी कुठे जायची वेळ आली की मुलगी बॅटरी दातात धरून टाके घालायची. मागच्या आठवड्यात गाईला टाके घालताना तिला शिंक आली. बॅटरी शेणात पडली आणि उरलेले चार टाके अंधारात चाचपडत घालावे लागले. तिने डिकीच्या दाराला आतून लावायचे दोन एलईडी दिवे विकत आणले आणि सोमवारी बाजारातल्या इलेक्ट्रिशियनकडे जायचं ठरवलं.

"बाजारात कशाला? घरात वायरमन बसलाय," ओळंबा म्हणाला.

"बसलाय तर बसू दे ना, बाबा."

त्याने जेवण अर्धं टाकलं. मग मुलीलाच कसंतरी वाटलं. ती म्हणाली, "बरं. रविवारी पाचला मला गाडी लागेल. पाचच्या आत दिवे लागले तर तुम्ही जिंकलात. नाहीतर सोमवारी गाडी बाजारात, आणि तुमची हत्यारांची पेटी कायमची माळ्यावर."

"मी माळ्यावर जागा करून ठेवते," बायको म्हणाली.

रविवारी एक वाजता त्याने काम सुरू केलं. पहिलं काम वीज तोडण्याचं. बॉनेट उघडून त्याने बॅटरीची एक वायर सोडवली. कुणीही शहाणा माणूस इथे थांबला असता. ओळंब्याने पेटीतून त्याचं पितळी कुलूप काढलं, ज्यावर सतरा आकडा ठोकलेला होता. कारखान्यात नियमच होता. ज्याचा हात यंत्रात, त्याचं कुलूप स्विचवर आणि किल्ली त्याच्याच खिशात. दुसऱ्याने वीज चालू करण्याचा प्रश्नच नाही. एकदा एकाने दुसऱ्याचं कुलूप तोडलं, तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं होतं.

पण गाडीच्या बॅटरीला कुलूप अडकवायला जागा नसते. त्याने घरभर शोधून कडी असलेला एक प्लास्टिकचा डबा मिळवला, आतलं सामान कपाटात ओतलं आणि डब्याच्या कडेला खाच पाडली. सोडवलेल्या वायरीचं टोक त्यात ठेवून झाकण लावलं, वर सतरा नंबर घातला. किल्ली गाडीच्या किल्लीच्या कडीत अडकवून खिशात टाकली. एके काळी शंभर हॉर्सपॉवरच्या मोटारींवर लटकलेलं कुलूप आता शिवणाच्या डब्यावर लटकत होतं. त्याला मात्र छातीत जुनी ऊब वाटली.

मग खरं काम. डिकीच्या दाराचं आतलं प्लास्टिकचं आवरण काढलं. छतातून दारात जाणाऱ्या रबरी नळीतून वायर ओढली. या एका वायरीला पन्नास मिनिटं गेली, कारण पहिल्यांदा ती पिळली होती. पीळ आत राहिला असता, कुणाला दिसला नसता. त्याला माहीत झालं असतं, म्हणून पुन्हा काढली. दिवे लावताना सपाटी बघायला लेव्हल लावली, तर बुडबुडा एका बाजूला. मग लक्षात आलं, गाडीच उतारावर उभी आहे. आधी उतार मोजला, मग तो वजा केला. हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणाला कळणारही नव्हतं.

आवरण परत बसवण्याआधी दाराच्या कुलपाजवळ त्याला एक छोटी खटकी दिसली. वीज नसताना दार आतून उघडायची सोय. तो मनाशी हसला. कोण शहाणा डिकीत जाऊन बसणार आहे? आवरणाच्या बारा क्लिपांपैकी सहा सैल होत्या. त्या त्याने नव्या घातल्या आणि प्रत्येक क्लिप मुठीने ठोकून बसवली.

आता शेवटची तपासणी. दार बंद झाल्यावर वायर कुठे दबते का, हे वीज सोडण्याआधी बघायचं आणि आतूनच बघायचं, कारण बाहेरून ते दिसत नाही. त्याआधी हत्यारं मोजायची, एकही आत राहता कामा नये. फडक्यावर अकरा हत्यारं मांडलेली होती. खिशातला टेस्टर बारावा, तोही बाहेर ठेवला. फोनचं आत काही काम नव्हतं, म्हणून फोनही. मग तो डिकीत चढला, गुडघे हनुवटीला लावून बसला आणि दार खाली ओढलं.

खट्.

वायर सुरेख वळली होती. "वा," तो स्वतःला म्हणाला आणि दार ढकललं.

दार हललं नाही. या गाडीचं डिकीचं कुलूप विजेवर उघडतं. वीज बॅटरीत, बॅटरीची वायर डब्यात, डब्याला कुलूप, कुलपाची किल्ली खिशात आणि खिसा डिकीत. सगळं नियमाला धरून झालं होतं.

आतली खटकी गाठायला त्याने आवरण उपटायचा प्रयत्न केला. नखं दुखली, क्लिपा जागच्या जागी. मागच्या सीटवर उतरावं, तर मध्ये लोखंडी जाळी. आजारी कुत्र्याने मुलीच्या अंगावर उडी मारू नये म्हणून चार वर्षांपूर्वी त्यानेच बसवलेली, बोल्ट सीटच्या बाजूने. तेव्हा तो म्हणाला होता, हत्ती बसवला तरी हलणार नाही. त्याने खांदा लावून पाहिला. हलली नाही. घटकाभर त्याला बरंही वाटलं.

मनगटावर चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

बायको गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होती. त्याने काच बडवली. तिने पाहिलं आणि हातानेच विचारलं, चहा? त्याने जोरजोराने नाही म्हटलं. तिने मान डोलावली आणि आत गेली. पंधरा मिनिटांनी ती चहा घेऊनच खाली आली. गाडीभोवती एक फेरी मारली आणि काचेपाशी वाकली.

"अहो, आत काय करताय?"

"तपासतोय!"

"झालं का तपासून?"

"झालं."

"मग बाहेर या."

त्याने चष्मा पुसायला घेतला. चाळीस वर्षांच्या संसारात तिला असल्या चष्मा पुसण्याचा अर्थ कळत होता. तिने कप फडक्यावर हत्यारांच्या रांगेत ठेवला.

"अडकलात?"

"दार उघडत नाहीये तात्पुरतं. तू पुढे जा, बॉनेट उघडंच आहे. बॅटरीची सुटलेली वायर आहे, ती फक्त..."

ती पुढे गेली. मग ऐकू आलं ते सगळ्या आळीला ऐकू गेलं असावं.

"माझा शिवणाचा डबा!"

"अगं, नंतर बोलू!"

"दुपारपासून शोधतेय मी! याला भोक कुणी पाडलं? आणि हे कुलूप कसलं? थांबा, हातोडी आणते, फोडूनच टाकते."

"फोडू नकोस!" तो एवढ्या जोराने ओरडला की डोकं छताला आपटलं. "दुसऱ्याचं कुलूप तोडायचं नसतं! ज्याचा हात आत आहे, त्याच्या जिवासाठी असतं ते!"

"अहो, आत तुम्हीच आहात, आणि बाहेर तुम्हालाच यायचंय!"

त्याने खिशातून किल्ली काढली. "मागच्या सीटचं दार उघड," तो म्हणाला. "जाळीतून किल्ली देतो."

जाळीची भोकं दोन बोटं जातील एवढी. गाडीच्या किल्लीचं जाड रिमोट त्यातून जाईना. म्हणजे कुलपाची किल्ली कडीतून काढायला हवी. तारेची दुपदरी कडी त्याने स्वतः निवडलेली, सहज उघडू नये अशी. नखं आधीच गेली होती. चष्मा घामाने धुरकटला होता. बायको सीटवर गुडघे टेकून जाळीला नाक लावून बघत होती.

"दाताने काढा."

"दात माझे नाहीत ते, कवळी आहे."

"मग मला दाखवा, कुठे अडलंय ते." तिने केसातली पिन काढून आत दिली. पिन कडीत शिरली आणि चार बत्तीसला किल्ली सुटली.

पुढचं काम तिचं. कुलूप निघालं, डबा उघडला. "दहा नंबरचा पाना! डावीकडून तिसरा!" तो आतून ओरडत होता. "वायर आधी पूर्ण खाली बसव! मग आवळ! अजून अर्धा फेरा!"

"पापडाचं पीठ मळलंय मी आयुष्यभर, आवळायला तुम्ही शिकवू नका मला."

वीज आली. त्याबरोबर गाडीला वाटलं, आपल्यात चोर शिरलाय, आणि ती कर्कश बोंबलायला लागली. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या. रिमोट त्याच्याच हातात होतं, पण धुरकट चष्म्यातून बटण सापडेपर्यंत सगळ्यांचं बघून झालं. आवाज थांबला. बायकोने मागे येऊन डिकीचं बटण दाबलं आणि दार वर गेलं.

दोन्ही दिवे लागले. असा पांढरा लख्ख उजेड पडला की ओळंबा दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यासारखा गुडघे पोटाशी घेऊन त्यात बसलेला दिसला. फाटकातून मुलगी आत येत होती. पाच वाजायला दहा मिनिटं होती.

"बाबा?"

"तपासणी," तो म्हणाला.

"आतून," बायको म्हणाली. बाकीचं तिने रात्रीच्या जेवणासाठी राखून ठेवलं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मुलीने आधी दिव्यांकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या पिशवीतून टाक्यांच्या दोऱ्याचं पाकीट काढलं आणि बापाच्या डोक्यावरून उजेडात धरलं. त्यावरची तारीख मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात छापलेली असते. तिने ती एका दमात वाचली, मग खालचा नंबरही वाचला. तिने दोन बोटांनी डावा दिवा हलवून पाहिला, उजवाही. मग दार अर्धं खाली ओढून परत वर सोडलं. दिवे लुकलुकले नाहीत.

"पेटी खालीच राहू दे, आई," ती म्हणाली. "बाबा, उतरा आता. गाय विताना अडलीये, मला निघायचंय."

त्याला उतरायचंच होतं, पण दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. शेवटी एक हात मुलीने धरला, एक बायकोने, आणि पोतं उतरवावं तसं त्याला उतरवलं. गाडी गेली. फडक्यावरचा चहा गार झाला होता. त्याने तो पिऊन घेतला आणि हत्यारं मोजली. बाराच्या बारा.

"त्या कुलपाची दुसरी किल्ली करायची," बायको म्हणाली. "माझ्या जुडग्यात राहील."

"नियमात बसत नाही ते."

"तुम्ही डिकीत बसलात ना? मग हेही बसेल."

सोमवारी तो बाजारात गेला, पण किल्लीवाल्याकडे. नवी किल्ली त्याने मोजली, केसभर जाड होती, परत केली. दुसरीही परत केली. तिसऱ्या वेळी किल्लीवाल्याने विचारलं, "काका, तिजोरीचं कुलूप आहे का?"

"शिवणाच्या डब्याचं," ओळंबा म्हणाला आणि किल्ली पुन्हा उजेडात धरली.