चांदोदच्या वाटेवर हरवलेल्या तीस कॅसेटी

२००८ सालच्या डिसेंबरातल्या एका रविवारी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास, बडोद्याहून डभोईकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमची गाडी थांबली. कुसुमआत्याच्या गाण्याच्या तीस कॅसेटींचे ध्वनिमुद्रण पुसले गेले आहे, हे गाडीतल्या तिघांना तिथे कळले. तिच्या आवाजाची दुसरी प्रत नव्हती.

मी आदल्या दिवशी पुण्याहून बडोद्याला उतरलो होतो. आत्याचे वर्षश्राद्ध चांदोदला, नर्मदेच्या काठी करायचे ठरले होते. स्टेशनवर आतेभाऊ अविनाश आला होता. तो कोयलीच्या रिफायनरीत नोकरी करतो.

"केम छो, दादा! वहिनींना का नाही आणलंस?" बॅग हातातून घेत त्याने विचारले. "चल, आधी सेवउसळ. घरी नानांनी पोहे केलेत, पण पोटात जागा ठेवायची."

सेवउसळ म्हणजे पांढऱ्या वाटाण्याची पातळ, झणझणीत उसळ. वर मूठभर शेव, पातीचा कांदा आणि सोबत पाव. मिसळीची सवय असूनही माझ्या डोळ्यांना पाणी आले. "पुणेकर रडला," असे अविनाशने हातगाडीवाल्याला गुजरातीत सांगितले. त्याने मला आणखी तरी वाढली.

अविनाशचे घर आता गोत्रीत आहे. दांडिया बाजारातली जागा सोडून ही मंडळी दिवाळीनंतर इथल्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आली. नाना, म्हणजे आत्याचे यजमान, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांच्या घराण्यात तीन पिढ्या संस्थानच्या दप्तरात होत्या आणि स्वतः नाना कलेक्टर कचेरीत. आत्या दर गुरुवारी सकाळी रियाज करी आणि नाना तो टेपवर घेत. प्रत्येक कॅसेटवर क्रमांक, राग आणि तारीख त्यांच्या अक्षरात असे. ती गेल्यावर त्यांनी एकतिसावी कॅसेट भरली. तिच्यात गाणे नाही. पहिल्या तीस कॅसेटींत काय आहे, याची यादी नानांनी स्वतःच्या आवाजात वाचली आहे.

अविनाशने पावसाळ्यात या एकतीस कॅसेटी संगणकावर उतरवल्या. प्रत्येक कॅसेटचा वेगळा फोल्डर केला. आत दोनच फाइली, 'अ' आणि 'ब'. नानांच्या पद्धतीने बाजू लिहायची म्हणून नावे तेवढीच ठेवली. जागा बदलताना कॅसेटी भंगारात दिल्या. देण्याआधी सगळे फोल्डर उघडून पाहिले होते, असे त्याने सांगितले. पोत्याचे तोंड नानांनी स्वतः बांधले होते.

"उद्या जाताना-येताना तीच गाईल," रात्री जेवताना नाना म्हणाले. "वर्ष झालं. मी अजून लावून ऐकलं नाही. म्हटलं, एकदम उद्याच."

रविवारी साडेआठला निघालो. नाना पुढे बसले. डभोई रस्त्याला लागल्यावर अविनाशने पेनड्राइव्ह खोचला. नानांनी डोळे मिटले. स्पीकरमधून त्यांचाच आवाज आला.

"कॅसेट क्रमांक एक. बाजू अ. तोडी. सुरुवातीला पंखा बंद करायला सांगते. बाजू ब..."

"ही यादी आहे. ही शेवटी यायला हवी," अविनाश म्हणाला. त्याने पुढचे बटण दाबले.

"कॅसेट क्रमांक सोळा. बाजू अ. जौनपुरी..."

पुन्हा बटण. "कॅसेट क्रमांक एक. बाजू अ. तोडी."

"अरे, माझं काय लावतोस?" नाना म्हणाले. "तिला लाव ना."

अविनाशने गाडी कडेला घेतली. प्लेअरच्या पट्टीवर एकूण फाइलींचा आकडा दिसत होता. तो दोन होता.

काय झाले, ते त्याने जागेवरच सांगितले. गाडीचा प्लेअर फोल्डरच्या आतले फोल्डर उघडत नव्हता. म्हणून बुधवारी त्याने संगणकावरच सगळ्या फाइली उचलून एका फोल्डरमध्ये हलवल्या. या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का, असे संगणकाने विचारले. त्याने 'सगळ्यांना हो' हे बटण दाबले. एकतीस 'अ' एकावर एक पडले, एकतीस 'ब' एकावर एक पडले. शेवटच्या कॅसेटचे तेवढे उरले.

"मला वाटलं, नेहमीसारखंच विचारतंय," तो म्हणाला.

"आणि कॅसेटी?" नानांनी विचारले.

कॅसेटींचे काय झाले, हे नानांना माहीत होते. तरी त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

चांदोदला अकराच्या आत पोचलो. घाटाच्या खूप पायऱ्या उतरून पाण्याजवळ जावे लागते. होड्या माणसे भरून संगमाकडे निघाल्या होत्या. गुरुजींनी पिंड मांडले आणि गोत्र विचारले. नाना त्यांच्याकडे पाहत राहिले. गुरुजींनी पुन्हा विचारले. नानांना स्वतःचे गोत्र सांगता आले नाही. अविनाशने सांगितले. परतीच्या वाटेवर प्लेअर बंद होता.

त्याच दुपारी गोत्रीतल्या एका संगणक दुरुस्तीवाल्याने हार्ड डिस्क तपासली. पुसलेल्या फाइलींची नावे पडद्यावर आली, फाइली उघडल्या नाहीत. बुधवारनंतर अविनाशने त्याच डिस्कवर सिनेमाची गाणी भरली होती. "जुन्या जागेवर नवीन बसलं, साहेब," दुरुस्तीवाला हिंदीत म्हणाला.

सोमवारी अविनाशने रजा टाकली आणि आम्ही तिघे भंगारवाल्याकडे गेलो. त्याचे दुकान दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. तो अविनाशला लहानपणापासून ओळखतो. त्याने आतून एक खोका आणला. त्यात कॅसेटींच्या डब्यांतली कागदी कव्हरे होती. नानांनी वरचे उचलले. क्रमांक नऊ, भटियार, अक्षर त्यांचेच.

"अने पट्टी?" (आणि फीत?) नानांनी गुजरातीत विचारले.

"पट्टी तो वाडीमां गई, काका," (फीत तर मळ्यात गेली) भंगारवाला म्हणाला. प्लॅस्टिक दळायला जाते, फीत शेतकरी नेतात, पाखरे उडवायला. ही फीत खंडेराव मार्केटात जामफळ (पेरू) विकणाऱ्या मंजुबेनने नेली होती. "मराठीत लिहिलेलं होतं म्हणून कव्हरं ठेवली. वाटलं, कुणी विचारत येईल. महिनाभर कुणी आलं नाही."

मंजुबेन मार्केटच्या बाहेरच्या बाजूला पाटीशी बसल्या होत्या. नानांचे बोलणे त्यांनी पुरते ऐकून घेतले. मग पाटी शेजारणीवर सोपवून त्या आमच्या गाडीत बसल्या. वाटेत त्यांनी प्रत्येकाला एकेक जामफळ दिले. "खाओ, भाई. पोपटांपासून वाचवलेलं आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. कुणी हसले नाही, तेव्हा त्यांनी अविनाशला विचारले, "काकांचं काय गेलंय त्यात?"

"माझी आई गाते त्यात," अविनाश म्हणाला.



मळा पादरा रस्त्यावर आहे. पेरूची साठेक झाडे. एका टोकाच्या बांबूपासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडांवरून तपकिरी फीत ताणलेली होती, दहा-बारा ओळींत. उन्हाने ती लखलखत होती आणि वाऱ्याने तिचा घूं असा एकसारखा आवाज येत होता. पोपट पलीकडच्या बाभळीवर बसून होते. नाना बांधावर उभे राहिले. अविनाशने एक ओळ सोडायला घेतली तर ती त्याच्या बोटांत तुटली. दुसरीही तुटली. तेव्हा तो खाली बसला आणि रडला.

मंजुबेनने त्याला बाजूला केले. झाडाच्या सावलीत गेलेल्या ओळी त्यांनी आणि मी मिळून सोडल्या. त्यात सर्वांत लांब तुकडा आठ-नऊ हातांचा निघाला. त्या फितीत दुसऱ्या घरांतल्या कॅसेटींचीही फीत मिसळलेली आहे, हे भंगारवाल्याने आधीच सांगितले होते. मंजुबेनने सगळे तुकडे पुठ्ठ्यावर गुंडाळून दिले. नानांनी त्यांना नमस्कार केला.

मंगळवारी सकाळी अविनाशने मला स्टेशनवर सोडले. नाना गाडीत बसून होते, ते फलाटावर आले नाहीत.

दहा दिवसांनी अविनाशचा पुण्याला फोन आला. रावपुऱ्यातल्या एका टेप दुरुस्त करणाऱ्याने तुकडे जोडून रिकाम्या कॅसेटमध्ये भरले होते. बहुतेक ठिकाणी खरखर आहे. एका जागी दीड मिनिट तानपुरा स्वच्छ ऐकू येतो. आवाज लागण्याच्या आधी फीत संपते. तानपुरा कोणाचा, हे ठरवता आलेले नाही. अविनाशने ते दीड मिनिट तीन वेगवेगळ्या नावांनी तीन ठिकाणी साठवले आहे, त्यातले एक गाडीत. नाना रोज सकाळी आठला खाली उतरतात, उभ्या गाडीत बसतात आणि ते ऐकतात.