नाव न सांगणारा माणूस

साहेबराव कांबळे बिलोलीकडचा. सरकारी प्रचाराच्या गाडीवर सिनेमाचं मशीन चालवायचा. गावोगाव कुटुंबनियोजनाच्या अन् संकरित ज्वारीच्या फिल्मा दाखवून त्याची मान अवघडायची. नांदेडच्या कॉलेजातल्या महादेवप्पा सरांनी फिल्म क्लब काढला, तेव्हा मशीन चालवता येणारा माणूस म्हणून त्यालाच बोलावलं. दर महिन्याला एका रविवारी, सकाळच्या खेळाला, पत्र्याच्या डब्यातून परदेशी सिनेमे यायचे.

त्यातच एकदा फ्रान्सचा सिनेमा आला. दरोडेखोरांचा. खालच्या इंग्रजी ओळी साहेबरावला लागत नव्हत्या, पण त्यांच्यावाचून त्याचं काही अडलंही नाही. जाड मानेचा, पिकल्या केसांचा एक नट होता. दरोडेखोर असून तो ओरडत नव्हता, खदाखदा हसत नव्हता. दाढी करायचा, कोट झटकून घालायचा, मित्राच्या ताटात आधी वाढायचा. पोलिसांनी तोंड फुटेस्तोवर मारलं, तरी त्यानं मित्राचं नाव सांगितलं नाही. साहेबराव मशीनशेजारी उभा राहून ते बघत राहिला. रीळ संपून पडदा पांढरा झाला तेव्हा लोक ओरडले, मग कुठं तो भानावर आला.

तसले सिनेमे मग तो वाट बघून बघायचा. बायकोला, सिंधूला, सांगायचा, "मर्द म्हणजे असा. लई बोलायचं न्हाई."

"तुमी तर घरात बी बोलत न्हाई," सिंधू म्हणायची. "मंग तुमी कवाचेच मर्द."

बोलण्यासारखं त्याच्याजवळ होतं काय? नांदेडात खोली शोधताना तिघा घरमालकांनी आडनाव विचारलं अन् दार लावलं. चौथ्या दारात हणमंतराव भेटला. बांधकामावरचा मिस्त्री, घरची जमीन असलेला. त्यानं आडनाव विचारलंच नाही. "सामान आणा," एवढंच म्हणाला. पुढं शेजारच्यांनी कुरकुर केली, तेव्हा तो ओसरीवर सगळ्यांसमोर साहेबरावबरोबर जेवायला बसला. त्या दिवसापासून हणमंतरावासाठी जीव द्यायची साहेबरावची तयारी होती.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. गाड्या कमी, कामं जास्त, म्हणून अहमदपूरकडच्या कामांवरही त्याचीच गाडी जायची. तिकडं एका पाझर तलावावर हणमंतराव देखरेखीला होता. मजुरांना संध्याकाळी सिनेमा दाखवायचा म्हणून साहेबराव दुपारीच पोचला अन् पडद्याचे बांबू रोवायला लागला.

पंधरा हातांवर टोळीचा मुकादम दगडोबा हणमंतरावाशी वाद घालत होता. "दरड खालून पोखरू नका म्हणतो मी. माती भुसभुशीत हाय."

"वरून खांदत बसलास तर आठवडा जाईल," हणमंतराव म्हणाला. "पोखर. वरचं आपसूक पडंल."

दगडोबा पुन्हा न्हाई म्हणाला अन् हलला नाही. तेव्हा हणमंतरावानं बायकांनाच हाक मारली अन् खाली उतरवलं. त्यांच्यात दगडोबाची बायको नागुबाई होती. घटकाभरात दरड कोसळली. दोघी जित्या निघाल्या. नागुबाईला काढलं तेव्हा तिच्या नाकातोंडात माती होती.

चौकशीला साहेब आले. हणमंतरावानं सांगितलं, मुकादमानं आपल्या मनानं पोखरायला लावलं. मजुरांनी मान खाली घातली. उद्याचं काम हणमंतरावाच्याच हाती होतं. साहेबांनी साहेबरावला विचारलं, "तुम्ही तिथंच होता ना?"

हणमंतराव त्याच्याकडे बघत होता. साहेबरावला तो जाड मानेचा नट आठवला. 

"मी बांबू रोवून राहिलो होतो, साहेब. काई पाह्यलं न्हाई."

दगडोबा त्याच्याकडं नुसता बघत राहिला. त्याला कामावरून काढलं. नागुबाईच्या माहेरच्यांनी तिची सहा वर्षांची लेक तुळजा उचलून नेली अन् बापानंच आईला मारलं, असं सांगत तिला वाढवलं.

दहा वर्षांनी उस्मानाबाद फोडून लातूर जिल्हा झाला. नव्या कचेरीत माणसं लागत होती, साहेबरावची बदली तिकडं झाली. पुढच्या साली तिथल्या हौशी मंडळींनी तोच फ्रान्सचा सिनेमा मागवला. मशीन साहेबरावकडंच. या खेपेला त्याची नजर भलतीकडंच अडकली. दरोड्यात एक पहारेकरी मरतो. त्याची बहीण दारात येऊन उभी राहते. दोन मिनिटं दिसते अन् जाते. तिचं पुढं काय झालं, हे सिनेमात कुणीच विचारत नव्हतं. आधी बघितला तेव्हा ती बाई त्याला दिसलीच नव्हती.

घरी येऊन त्यानं पहिल्यांदा सिंधूला तलावावरचं सगळं सांगितलं.  ती म्हणाली, "मंग मला काय सांगता? ज्याला सांगायचं त्याला सांगा."

तो नांदेडला हणमंतरावाकडं गेला, आता खरं सांगणार म्हणाला. हणमंतराव म्हणाला, "तुमाला घर दिलं, ते याच्यासाठी का?" अन् उठून आत गेला. साहेबरावनं कचेरीत जबानी लिहून दिली. कारकुनानं सांगितलं, जुने कागद उस्मानाबादेत राहिले असतील, नाहीतर वाळवीनं खाल्ले असतील. पुढं काहीच झालं नाही.

दगडोबाला शोधत तो अहमदपूरला उतरला. दगडोबा मागच्या उन्हाळ्यातच वारला होता. तुळजा धान्याच्या मोंढ्यामागं राहत होती, नवरा हमाली करायचा. साहेबरावनं दारात उभं राहूनच सांगितलं. ती पीठ मळत होती. हात थांबले.

"बापानं न्हाई म्हणलं होतं?"

"हाव. दोनदा न्हाई म्हणला."

"तो दोनदा आला होता माझ्या दारात," ती म्हणाली. "मी पाणी बी दिलं न्हाई त्याला." मग वर बघून, "तुमी इतकी वर्सं कुठं होता, काका?"

 साहेबरावनं पायातल्या चपला काढल्या नव्हत्या. ती हाकलून देईल म्हणून तो तयारच होता. पण तिनं परात बाजूला सारली.

"मला आईचं तोंड बी आठवत न्हाई," ती म्हणाली. "तुमी पाह्यलं ना तिला? त्या दिवशी ती कशी दिसत होती, ते सांगा."

साहेबराव उंबऱ्यावर बसला अन् सांगू लागला.