सात नंबर रिकामंच होतं

तेगवेन पॅरी आमच्या गावच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक करायच्या. त्यामुळे ब्रिन हेलिग या आमच्या गावात ज्याने ज्याने त्या शाळेत जेवण केलं, त्या सगळ्यांच्या त्या आंटी. मी छप्पन्न वर्षांचा आहे, घरं दुरुस्त करतो, माझ्या हाताखाली दोन माणसं आहेत. पण त्यांच्यासमोर गेलो की अजून ताट पुढे करून उभा असल्यासारखं वाटतं.

त्यांचं घर पाटीच्या दगडाच्या लांबलचक चाळीत, आठ नंबरचं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. भिंतीला भिंत लागून सात नंबरमध्ये मेन्ना राहायची. दोघींची चाळीस वर्षांची मैत्री. साडेसहा वर्षांपूर्वी मेन्नाचं खुब्याचं हाड मोडलं आणि तिचा मुलगा तिला चेस्टरला घेऊन गेला, पंधरा दिवसांसाठी म्हणून. जाताना तिने आंटींच्या हातात किल्ली दिली. "जरा लक्ष ठेव. बंद घर दिसलं की माणसं खिडक्या फोडतात."

मेन्ना परत आली नाही. दीड वर्षाने तिकडेच वारली. मुलाला ना घर विकायचं सुचलं, ना यायचं. तो महापालिकेचा घराचा कर मुकाट्याने भरत राहिला, आणि घर तसंच राहिलं.

गेल्या वर्षी ऱ्होद्री आणि नॉन या जोडप्याने ते विकत घेतलं. तो शिक्षक, ती नर्स. छप्पर गळत होतं, वायरिंग जुनाट, मागच्या खोलीत ओल. मी खर्चाचा अंदाज दिला तेव्हा नॉनचा चेहरा उतरला.

"थांबा," मी म्हटलं. "दोन वर्षं घरात कुणी राहिलं नसेल तर कामावर वीस टक्के नाही, पाच टक्केच व्हॅट लागतो. हे तर साडेपाच वर्षांहून जास्त रिकामं आहे. महापालिकेचं पत्र आणा, म्हणजे झालं. तुमचं छप्पर त्या फरकातच निघेल."

पत्र आलं नाही. रिकाम्या घरांची यादी सांभाळणाऱ्या बाईंना मीच फोन केला, कारण कर कमी लावला आणि पुरावा नसला तर तो माझ्या मानगुटीवर बसतो.

"आमच्या नोंदीत तिथे वस्ती आहे," बाई म्हणाल्या.

"कुणाची?"

"नाव नाही. पण आमचा माणूस दोनदा येऊन गेलाय. पडदे उघडे, धुराड्यातून धूर, दाराशी दुधाची बाटली, कचऱ्याचा डबा भरलेला. आता तुम्हीच सांगा, मी रिकामं कसं लिहू?"

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. हे सगळं आंटींचं काम होतं. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं, पण त्यावर कधी कुणी बोललं नव्हतं.

दुपारी मी आठ नंबरचं दार वाजवलं. आंटींनी चहा टाकला, मनुकांच्या ब्रेडला जाडसर लोणी लावून पुढे ठेवलं. मी काय अडलंय ते सांगितलं.

"म्हणजे माझ्यामुळे त्या पोरांचं नुकसान होतंय?"

"तुमच्यामुळे नाही हो. तुम्ही फक्त लिहून द्या, की तिथे कुणी राहत नव्हतं."

त्या कपात चमचा फिरवत राहिल्या. साखर त्या घेत नाहीत.

"पण मी होते की, इद्वल."

"तुम्ही राहत नव्हतात. पडदे उघडायला जात होतात."

"रोज दुपारी तीनला जायचे. शेगडी पेटवायचे, तिच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचे. आधी वाटायचं, ती येईल तेव्हा घर ऊबदार असावं. ती गेल्यावर… गेल्यावर मग सवयच झाली होती."

"आणि दूध?"

"दोन बाटल्या घ्यायचे. रिकाम्या घरी दूध कोण टाकेल, असं चोरांना वाटावं म्हणून."

"मग दुसऱ्या बाटलीचं काय करायचात?"

"तांदळाची खीर. इतकी वर्षं चर्चमध्ये दर रविवारी काय खाताय तुम्ही मेल्यांनो?"

मी हसलो. त्याही हसल्या.

"एक सांगायचं राहिलं. एक रात्र मी तिथे झोपले होते. मेन्नाच्या अंत्यविधीच्या दिवशी. बर्फामुळे गाड्या बंद होत्या, मला चेस्टरला जाता आलं नाही. तिच्या खुर्चीत बसले ती सकाळीच जाग आली. ते लिहावं लागेल का?"

"आंटी, खुर्चीत डोळा लागणं म्हणजे राहणं नव्हे. ते सोडून द्या."

"खोटं लिहायचं नाही मला. लिहायचंच तर सगळं लिहीन."

आणि त्यांनी सगळं लिहिलं. शाळेच्या जेवणाच्या याद्या लिहायच्या त्याच गोल, ठाशीव अक्षरात, दोन पानं भरून. पडदे, शेगडी, दूध, स्वतःचा कचरा अर्धा अर्धा करून दोन डब्यांत टाकणं, ती एक रात्र. साक्षीदार म्हणून सही करायला त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. शेवटची ओळ होती, 'या सर्व काळात सात नंबरमध्ये कुणीही राहत नव्हते. मीसुद्धा नाही.'

सही करताना मला त्यांच्याकडे बघवेना. शब्द माझेच होते, मीच त्यांना लिहायला लावले होते.

"बरोबर आहे ना?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे."

"मग चहा पी. थंड झाला तो."

ते निवेदन आणि सात नंबरवर कुणाचंच नाव नसलेली मतदारयादी, एवढ्यावर काम झालं. तीन आठवड्यांत महापालिकेचं पत्र आलं. नॉन केक घेऊन आंटींकडे गेली, त्यांच्या गळ्यात पडली. आंटींनी त्याच दिवशी किल्ली देऊन टाकली. मेन्नाची खुर्ची हवी का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "ठेवू कुठे? माझी एक आहे."

आम्ही पाच महिने काम केलं. छप्पर झालं, ओल गेली. ऱ्होद्रीला घरी बसून वह्या तपासायच्या असतात, म्हणून दोन घरांमधल्या भिंतीला आवाज अडवणारं जाड अस्तर त्याने मागितलं. आम्ही ते नीट बसवलं. जोडपं नोव्हेंबरात राहायला आलं. माणसं चांगली आहेत. आंटींना एकदा रविवारी जेवायला बोलावलं होतं. पुन्हा बोलवायचंय असं नॉन भेटेल तेव्हा म्हणते, पण तिच्या ड्यूट्या वेड्यावाकड्या असतात.

मध्यंतरी मी भिंतीचं विचारलं होतं. "शेजारी आलेत, कळतं का?"

"काही ऐकू येत नाही रे. काम चोख केलंस," त्या म्हणाल्या.

फेब्रुवारीत एकदा कामावरून परतताना पलीकडच्या गावाच्या बसथांब्यावर मला आंटी दिसल्या. पाऊस तिरपा येत होता. मी व्हॅन थांबवली.

"इकडे कुठे, आंटी?"

"कुठे नाही. साठीनंतर पास फुकट आहे ना. तीनच्या बसने शेवटच्या थांब्यापर्यंत जाते आणि त्याच बसने परत येते. बसमध्ये हीटर असतो. आज जरा पाय मोकळे करायला उतरले, तर ती निघूनच गेली."

"रोज?"

"रविवारी बस नसते."

मी दार उघडलं. त्या चढल्या, ओली टोपी मांडीवर ठेवली. वाटेत मी म्हटलं, दुपारी आमच्याकडे येत जा, बायको घरीच असते. त्या म्हणाल्या, बघू. मला ठाऊक होतं की त्या यायच्या नाहीत, आणि त्यांना ठाऊक होतं की मी दुसऱ्यांदा म्हणणार नाही. चाळीपाशी उतरताना त्या म्हणाल्या, "उद्या ड्रायव्हर विचारेल, काल कुठे राहिलात म्हणून. चांगला आहे बिचारा. आयर्लंडचा आहे."

आणि पावसात सावकाश पायऱ्या चढून घरात गेल्या.