कांचनला घेऊन चुडावा ते परभणी

गावातले सर म्हणले, "कांचन लय शांत पोरगी हाय, काहीच त्रास न्हाई." त्याच दिवशी ठरवलं, हिला परभणीला बहिऱ्यांच्या शाळेत न्यायची. कांचन माझी लेक. जन्मापासून ऐकू येत न्हाई. सर फळ्याकडं तोंड करून शिकवतेत, ही मान हलवती अन् फळ्यावरचं उतरवून घेती. अक्षर देखणं, अर्थ एकाचाबी ठाऊक न्हाई, तरी दरसाल पास! मी चौथीतच शाळा सोडली, पण पोरीला फसवायलेत एवढं मला कळतंय.

तुमाला असं लेकरू घेऊन जायचं असंल तर चुडाव्याहून सकाळची पॅसेंजर धरा. लेट असती, भाकरी बांधून घ्या. तिकीट स्वस्त हाय. परभणीचे आटोवाले मात्र तोंडाला येईल ते मागतेत. बसायच्या आधी भाव ठरवा. दिव्यांगाचा दाखला अन् आधार झेरॉक्ससकट न्या, न्हाईतर हेलपाटा.

पूर्णेला एक म्हातारी शेजारी बसली. आमचे हातवारे बघून म्हणली, "पोखर्णीच्या नरसिंहाला नवस बोल बाई, वाचा फुटंल."

"बोलले की. देवानं त्याच्या परीनं बघितलं. आता शाळेची पाळी हाय."

"तोंडाळ हायस गं!"

"पोरीच्या वाट्याचंबी मलाच बोलावं लागतंय, मावशी."

पिंगळी गेली की सामान आवरा, परभणी आलीच.

बहिऱ्या लेकरांची शाळा म्हणजे चिडीचूप असंल, असं वाटलं व्हतं. कशाचं काय! पोरं बाकं वाजवायलेत, हसायलेत, हातानं भांडायलेत. बाई लेकरांकडं तोंड करून हातानंच गणित शिकवायलेत. कांचनला त्या खुणा येईनात. आमच्या खुणा उसाच्या फडातल्या. ऊस तोडताना लांबून हाक पोचत न्हाई, म्हणून टोळीत हातानंच सांगायचं. तिनं हात गुंडाळून "मोळी बांध" करून दाखवलं. पोरं आधी हसली, मग सगळा वर्ग मोळ्या बांधायला लागला. माझ्या लेकीकडून पहिल्यांदाच कुणी काही शिकलं.

तिथल्याच वसतिगृहात ठेवायचं ठरवलं. तेवढ्यात मालकांचा, कांचनच्या बापाचा, फोन.

"फडावर धाकट्याला कोण सांभाळंल?"

"तुमी अन् मी. दोघांचं लेकरू हाय."

"अन् पोरगी आपल्याला इसरली तर?"

"कान न्हाईत तिला, काळीज हाय. ठेवा फोन."

निघताना कांचननं माझ्याकडं बोट करून भराभरा काहीतरी विचारलं. दुपारभरात उचललेल्या नव्या खुणा. मला कळंना. मी नुसती मान हलवली, जशी ती वर्गात हलवायची.

बाई म्हणल्या, "आई कधी शिकणार, विचारतेय ती."

घर मोकळं लागतंय, खोटं कशाला बोलू? पण ती हलवलेली मान जास्त टोचायलीय. आता दर रविवारी बाई व्हिडिओ फोनवर मला खुणा शिकवतेत. सरांना सांगून आले, "तुमीबी येऊन बसा."

"मी कशाला? कांचन तर गेली."

"सुट्टीत येणार हाय. इतकी वर्षं काय शिकवलं, तुमालाच विचारणार हाय. जबाब हातानं द्यावा लागंल, सर."