साहेबाच्या तव्यात माझं तिखट

चहा आधी संपवून घ्या गा. मी जे सांगून राहिलो ते ऐकताना कोणाच्या नाकातून चहा आला तं मी जबाबदार नाही. अन् हे आमच्या घरी जाऊन बोलू नका. बायकोले अर्धंच माहीत आहे, तिले तेवढंच राहू द्या.

माझा नाद तुमाले ठाऊक आहे. पावात दाबलेली टिकिया. खिम्याची असो, आलूची असो, मले चालते. गोल पाव मधून चिरला, लोण्यात शेकला, आत तव्यावरची गरम टिकिया ठेवून वरून दाबला, की मले समोर बसलेला माणूस दिसत नाही. आमच्या घरी मटण शिजायचं ते आंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या गंजात. अन् बेकरीचा पाव तं उंबऱ्याच्या आत येतच नव्हता. मायनं एकदा माझ्या खिशात पावाचा चुरा पाहिला अन् मले सदऱ्यासकट विहिरीवर आंघोळ घातली.

म्हणून मी बाहेर खायचो. नागपूरच्या सक्करदऱ्याहून कामठीच्या छावणीत सायकलनं जायचो, भर उन्हात, एका पावासाठी. काय पाव होता तो. वरून लाल, आतून इतका मऊ की बोट ठेवलं तं आत जाते. तो पाव पिशवीत घालून परत नागपुरात, सदर बाजारात यायचं. तिथं एक गोव्याकडचा म्हातारा खानसामा घराच्या मागच्या दाराशी कटलेट तळायचा. पाव माझा, कटलेट त्याचं. तो म्हणायचा, "बाबू, तुम आधा पागल है." मी म्हणायचो, "पूरा पागल होने के लिए दूसरा दो."

आता माझा एक नियम होता, अन् त्यानंच माझा घात केला. पाटी वाचायची नाही. नागपुरात चांगल्या खाण्याले पाटी होती कधी? कोष्ट्यायच्या वस्तीत मटणाच्या खानावळी आहेत, त्या बाहेरून घरंच दिसतात. पायऱ्यांशी चपलांचा ढीग दिसला की समजायचं. चपला काढायच्या, ओळीनं बसायचं. अन् जो खरा जाणकार आहे तो ओळीत बसत नाही. तो सरळ मागं चुलीपाशी जाते, मालकाशी दोन गोष्टी बोलते, गंजात डोकावते, चव सांगते. मालकाले त्यात मान वाटते. आपल्याकडची ही रीतच आहे. ती पचमढीले नाही, हे मले कोणी सांगायले पाहिजे होतं.

पचमढीले कसा गेलो ते ऐका. इंग्रजाच्या राज्यात उन्हाळ्यात आपलं सरकार नागपूर सोडून वर पहाडावर जायचं, तुमाले आठवते न? साहेब लोक, त्यायच्या मडमा, कुत्रे, फायलींच्या पेट्या, अन् पेट्यांमागं आमी कारकून. त्या वर्षी माझा नंबर लागला. मी शेतीच्या खात्यात होतो, बियाण्याच्या कामावर, अन् तीन वर्षांपासून टेम्पररी. हिंगण्याचे सासरे, म्हणजे तेव्हा अजून व्हायचे होते, त्याईनं साफ सांगून ठेवलं होतं की कायम झाल्याचा कागद दाखवा, मंग मुहूर्त काढू. पोरगी मी पाहिली होती. मले ती फार आवडली होती. अन् दोन दुसरी स्थळं तिच्यासाठी तयार बसून होती. म्हणजे कागदावरच सगळं अडलं होतं.

कागद होता नव्या साहेबाच्या हातात. साहेब आपल्या मराठी मुलखातला, पुण्याकडचा, पण अमेरिकेत शेती शिकून थेट पचमढीले रुजू झालेला. आमच्यातल्या कोणी त्याले पाहिलेलं नव्हतं. आमचे हेडक्लार्क बापूरावजी. त्याईनं मले सकाळी बाजूले घेतलं.

"दामू, आज पाच वाजता साहेबाच्या बंगल्यावर. तुझ्या कायम होण्याचं पाहणार आहेत. मी सोबत असीन."

"हो."

"तोंड उघडायचं नाही. येस सर, बस. तुझं काम चांगलं आहे, पण तू बोलायले लागला की माणूस बिघडते."

"येस सर," मी म्हटलं.

पाच वाजायले वेळ होता. अन् पिपरियाहून वर येताना मोटारवाल्यानं मले एक गोष्ट सांगितली होती. चर्चच्या रस्त्याले एक पलटणीतला म्हातारा खानसामा आहे, लाल टिनाच्या बंगल्यामागं राहते, कबाब-पाव करते, पाटी नाही. आता मले सांगा, मी खोलीत बसून राहीन का? दुपारी तीनले निघालो. खिशात तिखटाची डबी. ती मी कुठंही गेलो तं सोबत असते. भिवापुरी मिरचीचं, घरचं कुटलेलं. परमुलखात गेल्यावर माणसाजवळ आपलं काहीतरी पाहिजे.

चर्चच्या रस्त्याले गेलो तं काय, सगळ्याच बंगल्यायले लाल टिन. पण एका बंगल्याच्या पायऱ्यांशी दहा-बारा जोडे. वर व्हरांड्यात पागोटेवाले लोक ओळीनं मांडी घालून बसलेले. हुबेहूब पंगत, फक्त पत्रावळी यायच्या होत्या. अन् मागून वास आला. कांदा, लोणी, खिमा. मी आपला नियम आठवला अन् मनातल्या मनात मोटारवाल्याले आशीर्वाद देला.

"कब से बैठे हो भाई?" मी एकाले विचारलं.

"दो घंटे से, बाबूजी."

"अंदर क्यों नहीं जाते?"

"बिना बुलाए कैसे जाएँ?"

बिचारे खेड्यातले लोक, मले दया आली. त्यायले खानावळीत कसं वागावं हेच माहीत नव्हतं. मी जोडे काढले अन् जाणकार माणसासारखा बाजूनं सरळ मागं गेलो.

मागं वेगळं स्वयंपाकघर होतं. आत एक चाळिशीचा माणूस, अंगात बनियन, खांद्यावर पंचा, तांब्याच्या बुडानं खिम्याची टिकिया दाबून राहिला होता. म्हातारा नव्हता, पण मी म्हटलं, पोरगा असंल, आता पोरगा धंदा पाहत असंल. अन् हात, काय हात होता. टिकिया कडेनं पातळ, मधे जराशी जाड. तव्यावर टाकली अन् तिले हलवलीच नाही. लोक घाई करतात, उलटसुलट करतात, रस सगळा तव्यावर जाते. हा गडी शांत उभा. मी तिथंच त्याचा भक्त झालो.

"कोण तुम्ही? काय हवंय?" त्यानं विचारलं. शुद्ध पुणेरी.

"गिऱ्हाईक. तव्यावर आहे तेच द्या. दोन."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. माझ्या उघड्या पायांकडं पाहिलं. मंग हसला. "बसा."

मी लाकडाच्या पेटीवर बसलो. त्यानं पाव चिरून लोण्यात शेकला, टिकिया ठेवली, वर कच्च्या कांद्याची चकती, टमाट्याची चकती, पिवळी कसलीतरी मोहरीची चटणी. म्हणे, तिकडं याले हॅमबर्गर म्हणतात, रस्त्यारस्त्यावर मिळतो.

"तिकडं म्हणजे कुठं?"

"लांब," तो म्हणाला.

मी समजलो जबलपूर.

पहिला घास घेतला. काय सांगू! टिकिया दातांखाली जराशी कुरकुर करे, अन् मंग आतून रस. तो रस पावात मुरलेला, पाव मात्र वला नाही. कामठी विसरलो, सदरचा म्हातारा विसरलो, हिंगण्याची पोरगीसुद्धा विसरलो. डोळ्यात पाणी आलं. मी उठून त्याच्या पाया पडलो, खोटं नाही सांगत.

"मालक, असं मी जन्मात खाल्लं नाही. फक्त एक. राग मानू नका. तिखट कमी आहे."

"असं?"

"तुमचा हात देवाचा आहे, पण मिरची पुण्याची आहे. सरका."

अन् मी त्याले सरकवलं हो, तव्यापासून. त्याच्या हातातला टिकिया उलटायचा सराटा घेतला. डबी उघडली, उरलेल्या खिम्यात दोन चिमट्या तिखट टाकलं, जरा विचार केला, अन् अजून दोन टाकल्या. टिकिया थापल्या. त्यानं निमूट पाव शेकून देले. त्यानं एक खाल्ला. कान लाल झाले, नाक वाहायले लागलं, पण माणूस खरा रसिक, थांबला नाही. दुसरा मागितला.

आता दोन रसिक एका चुलीपाशी बसल्यावर गप्पा होणारच.

"काम कुठं करता?" त्यानं नाक पुसत विचारलं.

"शेतीच्या खात्यात. काम काय, दोन तासांचं. बियाण्याचे डेपो तपासायचे. मी दौऱ्याचा रस्ता खाण्यावरून ठरवतो."

"म्हणजे कसं?"

"आता बैतूल घ्या. डेपोचं काम एका सकाळचं. पण तिथं गंज म्हणतात त्या बाजारात एक म्हातारी गुरुवारी खिम्याच्या टिकिया करते. मी बुधवारी पोचतो. मंग डायरीत लिहायचं, मोटार बिघडल्यामुळे मुक्काम एक दिवस वाढला. मोटार बिचारी काही बोलत नाही."

तो इतका हसला की त्याले ठसका लागला. मी पाठ थोपटली. मले चेव आला. म्हटलं, ऐका, आमलाच्या ठेसनावर काय मिळते, इटारसीच्या कोणत्या फलाटावर उतरायचं, छिंदवाड्याले मुसाफिरखान्यामागं कोण बसते. सगळं सांगितलं. कोणत्या दौऱ्यात कोणतं कारण लिहिलं तेही. तो मन लावून ऐके. असा ऐकणारा मले पुन्हा मिळाला नाही.

"आणि तुमचे साहेब काही म्हणत नाहीत?"

"नवा आला आहे. अमेरिकेत गहू पेरणं शिकला म्हणे. आमच्या बापजाद्यायनं काय दगड पेरले? पण जाऊ द्या, पाच वाजता त्याच्या बंगल्यावर जायचं आहे. कायम करते का नाही पाहू. तुमची ओळख असंल तं माझ्यासाठी एक शब्द टाका. तुमच्या हातचं खाल्लं तं तो नाही म्हणणार नाही."

"टाकतो शब्द," तो म्हणाला.

तेवढ्यात दारात लाल पट्ट्याचा चपराशी आला. मी म्हटलं, यालेही वास लागला. तं तो टाचा जुळवून उभा राहिला अन् त्या बनियनवाल्याले वाकून सलाम केला.

"हुजूर, चार बज गए. किसान लोग बैठे हैं, गेहूँ के बीज की अर्ज़ी लेकर."

माझ्या हातात साहेबाचा सराटा होता. तोंडात साहेबाची टिकिया. मी ती गिळलीही नाही अन् थुंकलीही नाही. साहेबानं पंचानं हात पुसले अन् म्हणाला, "सराटा खाली ठेवा. भाजेल." अन् निघून गेला.

बाहेर पळालो. जोडे एक माझा, एक कोणा शेतकऱ्याचा, तसेच घातले. फाटकावर साहेबाच्या नावाची पाटी होती, ती आता वाचली. शेजारच्याच बंगल्यामागं खरा खानसामा कबाब तळत बसला होता. मले हाक मारे. काय खाणार, माझं लग्न तव्यावर जळून राहिलं होतं.

पाच वाजता बापूरावजींच्या मागं उभा राहिलो, खाली मान घालून. साहेब कोट-टायमधे. मले ओळखच नाही दाखवली. नाव विचारलं, खातं विचारलं. मी येस सर. माझी दौऱ्याची डायरी उघडली अन् मोठ्यानं वाचली.

"बैतूल. मोटार बिघडल्यामुळे मुक्काम एक दिवस वाढला." पान उलटलं. "बैतूल. मोटार." पुन्हा पान उलटलं. "बैतूल."

"रस्ता फार खराब आहे साहेब," बापूरावजी म्हणाले. बिचारा देवमाणूस, मले वाचवायले पाहे.

"गुरुवारीच खराब असतो का?" साहेबानं विचारलं. मंग रुमालानं नाक पुसलं अन् गिलासभर पाणी प्यायला. बाहेर आल्यावर बापूरावजी म्हणे, साहेबाले पहाडावरची हवा मानवलेली दिसत नाही. मी मनातल्या मनात हिंगण्याच्या पोरीले दुसऱ्याच्या घरी वाजत-गाजत पोचवून आलो होतो.

रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी हुकूम आला. बापूरावजींनी इंग्रजी वाचून मले मराठीत सांगितलं. "कायम करण्यात येत आहे. मनुष्य प्रामाणिक असून स्वतःच्या कामाची माहिती मोकळेपणानं देतो."

बापूरावजी चष्म्यावरून माझ्याकडं पाहून राहिले. "दामू, तू तं येस सरच्या पुढं गेला नाही. प्रामाणिक आहे हे त्याले समजलं कसं गा?"

"चेहऱ्यावरून समजत असंल," मी म्हटलं. "पुढं काय लिहिलं?"

"नेमणूक नागपूर, रेकॉर्ड रूम. दौऱ्यावर कधीही पाठवू नये."

लग्न झालं, संसार चांगला चालू आहे, तक्रार नाही. त्या साहेबाची तं नाहीच नाही. पुढं जिथं गेलो तिथं टिकियापाव खाल्ला, पण त्या हाताची सर कोणाले नाही. घरी आंगणातल्या चुलीवर करून पाहिला. बायकोनं एक घास खाल्ला अन् म्हणाली, "यासाठी तुमी मुलूख पालथा घातला?"

माझ्या जागी दौऱ्यावर वामनरावले घेतलं. फार सज्जन माणूस, पोटाचा रोगी. त्याच्या डायऱ्या रेकॉर्डले लावायचं काम माझ्याकडं आहे. मी त्या रोज उघडून वाचतो, आशा सुटत नाही न. परवा बैतूलची आली. गुरुवारचा मुक्काम होता, म्हातारीच्या टिकियांचा वार. मी दार लावून घेतलं, खुर्चीवर बसलो अन् वाचली. लिहिलं होतं, सायंकाळी सोबतच्या मुगाची पातळ खिचडी घेतली. अर्धी उरली.