मागच्या रांगेतला मैना

मैना हा नव्वद किलोचा, मिशाळ पंक्चरवाला आहे. ट्रकचं चाक तो उशीसारखं उचलतो. नाव आम्ही वर्गमित्रांनी ठेवलं, सातवीत. शाळेच्या प्रार्थनेत मुलांच्या मागच्या रांगेने नुसते ओठ हलवायचे, आवाज मुलींनी काढायचा, असा आमचा मर्दानी कायदा होता. एकदा गाण्याच्या बाईंनी मुलींना मध्येच गप्प केलं आणि अख्ख्या शाळेत हा एकटाच गाताना सापडला. गोड गात होता हो! म्हणूनच महिनाभर बदडला त्याला. बदडण्यात मीच पुढे. तेव्हापासून मैनाने सूर काढला नाही. लेकीला झोपवतानासुद्धा नुसतीच पाठ थोपटली.

यंदा त्याच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. त्याही शाळेतल्या त्याच मुलींच्या रांगेतल्या. डॉक्टर म्हणाले, "बोलणं अडलं तरी कधी कधी ओळखीचं गाणं येतं. तुम्ही रोज गा, त्या मागून म्हणतील."

तीन आठवड्यांनी मैना माझ्याकडे आला. डोळे सुजलेले. "लेका, तोंड उघडतं, पण आवाजच फुटत नाही. ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसते रे."

"मग दुकानात गा की! हवेच्या कंप्रेसरच्या धडधडाटात कोण ऐकतंय?" मी अक्कल पाजळली.

दुसऱ्या दिवशी टायरांच्या थप्पीशेजारी आम्ही वहिनींची खुर्ची मांडली. कंप्रेसर धडधडू लागला. मैना त्यांच्या कानाशी वाकून, डोळे मिटून शाळेची प्रार्थना गाऊ लागला. टाकी भरली की कंप्रेसर आपोआप बंद होतो, हे तीस वर्षं हवा भरणारा हा महाभाग साफ विसरला! धडधड थांबली आणि त्याचा घोगरा, फाटका सूर भर रस्त्यात उघडा पडला.

"काय हो, टायर रडतोय की तुम्ही?" समोरच्या हमालांपैकी एक ओरडला.

मैना गप्प. कान लालभडक, थेट सातवीतले.

वहिनींचे ओठ मात्र हलत होते. नुसतेच ओठ.

मैनाने ते पाहिलं आणि माझा दंड धरला. "तूही म्हण. मला एकट्याला नाही जमत."

मी आयुष्यात प्रथमच गळा काढला. हमाल पोट धरून हसले. शेवटची ओळ संपली. वहिनींचा आवाज आला नाही.

"पुन्हा," मैना म्हणाला.

आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.