हिला समदं चालतं

बारामतीच्या सुशीवाल्याकडं आचारी त्याच्या मर्जीनं देईल ते खायचं. काही चालत नसेल तर आधी सांगायचं. माझ्या शेजारी इंदापूरकडचं वयस्कर जोडपं बसलं होतं. आचाऱ्यानं विचारलं बाईंना. तोंड नवऱ्याचं उघडलं. "हिला समदं चालतं."

बाई माशाचा घास पाण्याबरोबर गिळत होत्या. नवरा हात धुवायला उठला तेव्हा मला म्हणाल्या, "मला वास बी सोसत न्हाय."

"मग सांगायचं की, मावशी."

"लगीन झाल्यापासनं नाकाला पदर लावून उजनीचा मासा रांधतीय. यांना दिसलं न्हाय, तर सांगून काय व्हायचं?"

नवरा परतला. रिकामी ताटली बघून खूश झाला. "हिला आणखी द्या. लई आवडलंय."

मावशींनी एका हातानं पदर नाकाशी धरला आणि दुसऱ्यानं ताटली पुढं केली.